हत्तिणीला नवे पाटे

हत्तिणीच्या पुढच्या स्प्रिंगचे पाटे उतरवायला धाकटीने थोरला यायच्या आतच सुरुवात केली. चाकं काढून भिंतीला टेकवलेली, चासी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, नव्या पाट्यांची जोडी जमिनीवर. अशा अवस्थेतली गाडी कोणी विकायला नेऊ शकत नाही, एवढा तिचा सरळ डाव होता.

जुने पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र दाद देत नव्हते. आजोबांच्या काळापासून नट आणि बोल्टचा संसार गंजाने असा घट्ट झाला होता, की काडीमोडाला दोघंही तयार नव्हते. धाकटीने तेल सोडलं, हातोडी चालवली, शेवटी पान्यावर लांब पाइप चढवून स्वतःच त्याला लोंबकळली. नट कडाडला आणि ती जमिनीवर आपटली.

"लागलं का गं?" शेडच्या दारातून आईने विचारलं.

"मला नाही. नटाला लागलं."

आई आत आली. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून. तो मोडल्यापासून ती तसाच धरून वावरायची, शेजाऱ्यांचं पोर सांभाळायला घेतल्यासारखी.

हत्तीण म्हणजे चारही चाकांना जोर असलेला, उंच बांध्याचा जुना ट्रक. वर पठारावर जांभळा फुलोरा आला, की मधमाश्यांच्या पेट्या तिच्या पाठीवर चढायच्या आणि आई तिला दगडधोंड्यांच्या वाटेने वर न्यायची. बाबा माश्यांचे आणि आई हत्तिणीची, अशी या घरात लग्नापासून वाटणी होती. "एका घरात हत्तीण एकानेच सांभाळावी," असं बाबा म्हणायचे आणि म्हणताना आईकडे बघायचे नाहीत. मागच्या हंगामात उतरताना पुढचं चाक दगडावर चढलं, स्टिअरिंग गरकन उलटं फिरलं आणि त्याच्या आडव्या दांडीने आईचा अंगठा मोडला. तिने तशीच, एका हाताने गाडी खाली आणली. घरात येऊन म्हणाली, "चहा कोणीतरी टाका, मला किटली उचलवत नाही." तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

त्यानंतर घरात दोन तट पडले. थोरल्याचं म्हणणं, आईने गाडी सोडावी आणि घराने हत्तीण. धाकटीचं गावात स्वतःचं गॅरेज होतं. तिचं म्हणणं, आईने काही सोडायचं नाही, हत्तिणीनेच आता सुधारायचं. मोडीत निघालेल्या एका ट्रकचा पॉवर स्टिअरिंगचा सगळा संच तिने मिळवला होता: तेलाच्या जोरावर चाक वळवणारा डबा, पंप, नळ्या. पाटे नवे बनवून घेतले होते.

"एवढेच?" आईने नव्या जोडीकडे बघून विचारलं. "जुन्यात तर केवढा गठ्ठा होता."

"जुने सगळे गंजून एकमेकांना चिकटलेत. वाकत नाहीत, नुसते आदळतात. हे मध्ये जाड, टोकाला पातळ. एकमेकांना शिवत नाहीत म्हणून मोकळे हलतात. कमी माणसांचं घर कसं सुखात चालतं, तसं."

"कमी माणसांच्या घरात भांडायला कोणी नसतं," आई म्हणाली. "त्याला काय घर म्हणायचं?"

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. धाकटी पुन्हा गाडीखाली सरकली.

*

थोरल्याने शेडमध्ये पाऊल टाकलं आणि त्याच्या लक्षात आलं, की बहिणीने त्याला खेळ सुरू व्हायच्या आधीच हरवलंय.

"हे काय?"

"पाटे," गाडीखालून आवाज आला.

"मला दिसतायत पाटे."

"मग विचारतोस कशाला?"

तो पुलांच्या तपासणीच्या कामावर होता. लोखंड कुठे थकलंय, काँक्रीट कुठे फुगलंय, हे बघायचं आणि कोणाला आवडो न आवडो, 'या पुलावरून आता जड वाहन नको' असं सांगायचं. परक्या लोकांना हे सांगणं त्याला जमत होतं. घरात सांगायचं म्हटलं की तोंड कोरडं पडायचं. म्हणून त्याने बायकोला बरोबर आणलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट; मोडलेले, आखडलेले हातपाय पुन्हा चालते करायचे हे तिचं रोजचं काम. आईच्या अंगठ्याबद्दल तिचा शब्द वजनदार ठरेल आणि तो आपल्या पारड्यात पडेल, असं त्याने धरून चाललं होतं.

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले. चहा ओतून होईपर्यंत त्याने दम धरला.

"आई, माश्या सपाटीवरही राहू शकतात. लोक ठेवतात. वर जायलाच हवं असं कुठे लिहिलंय?"

"माश्यांना वाचता येत नाही," आई म्हणाली.

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. सपाटीवरचा फुलोरा संपला. विचार तुझ्या बाबांना."

बाबा कपातल्या चहाकडे बघत होते. "पेट्या हलक्या झाल्यात खऱ्या," ते पुटपुटले. मग थोरल्याकडे बघून म्हणाले, "पण तो म्हणतो त्यातही अर्थ आहे."

"बाबा, नक्की कोणत्या डगरीवर पाय आहे तुमचा?" धाकटीने विचारलं. तिच्या हाताचं ग्रीस कपाला लागलं होतं.

"त्यांना बोलू दे की!" थोरला उसळला. "त्यांनीच तर मला बोलावलंय!"

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जीभ चावावी. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईने मात्र शांतपणे साखर ढवळली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "एरवी फोनवर हे घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी फोन घेऊन अंगणाच्या पार टोकाला गेले, तेव्हाच समजले."

कोणी हसलं नाही, पण हसू येऊ शकतं इतपत हवा सैल झाली. थोरल्याने संधी साधली. "तूच सांग आता," तो बायकोला म्हणाला. "आईच्या हाताने ती गाडी वळवावी का?"

सून उठली. फळीशेजारी मध तोलायचा हुकाचा काटा टांगलेला होता, तो तिने काढला आणि हुक दाराच्या कडीत अडकवला. "आई, हा उजव्या हाताने ओढा. दुखेल तिथे थांबा. शूरपणा नको."

आईने ओढला. काटा निम्म्याच्या थोडा अलीकडे थांबला. आईचे ओठ घट्ट मिटले होते.

"चांगलं आहे," सून म्हणाली. "मागच्या वेळी एवढं नव्हतं." मग नणंदेकडे वळून म्हणाली, "आणि जुन्या स्टिअरिंगला किती लागतं?"

"पाटे उतरवायच्या आधी मी हाच काटा स्टिअरिंगच्या कडेला लावून ओढला होता," धाकटी म्हणाली. "काटा संपला, चाक जागचं हललं नाही."

"बघ!" थोरला म्हणाला.

"बघते आहे," सून म्हणाली. "जुन्या स्टिअरिंगला आईंनी हात लावू नये. पण हात बरा होतोय. तो वापरूनच बरा होणार, उशीवर ठेवून नाही. नव्या स्टिअरिंगला कमी जोर लागत असेल, तर माझी काही हरकत नाही."

थोरला बघतच राहिला. "अगं, तू कोणाच्या बाजूची?"

"अंगठ्याच्या," ती म्हणाली आणि काटा परत जागेवर लावला.

*

जुना स्टिअरिंगचा डबा चासीला ज्या बोल्टांनी धरलेला होता, ते बोल्ट दुपारी सुटले. धाकटी खुशीत होती. वहिनी तिच्या बाजूने बोलली होती, असं या घरात पहिल्यांदाच घडलं होतं. नाहीतर दोघींचं नातं वाढदिवसाच्या फोनापलीकडे गेलेलं नव्हतं. ती गुणगुणत डबा उतरवून बाजूला ठेवायला वळली. मग तारेचा ब्रश घेऊन चासीवरचा जुना चिखल, ग्रीस, गंज खरवडायला लागली.

गंजाखालून एक रेघ निघाली.

आधी तिला वाटलं, ओरखडा असेल. तिने बोटाने पुसलं. रेघ पुसली गेली नाही. नख फिरवलं, तर नख अडकलं. मागच्या बोल्टाच्या भोकातून निघून ती तिरकी खाली गेली होती.

धाकटी उकिडवी बसून राहिली. गॅरेजमध्ये कोणाच्या ट्रकची चासी चिरलेली दिसली, की ती मालकाला तोंडावर सांगायची. आता तिच्या मनात आलं, वर नव्या डब्याचं बूड बसलं की हे कोणाला दिसणारसुद्धा नाही. हा विचार आला म्हणून तिला स्वतःचाच इतका राग आला, की ती शेडच्या दारात जाऊन सगळ्यांना हाका मारू लागली.

सगळे वाकून बघून झाल्यावर ती म्हणाली, "जुनं स्टिअरिंग हाताच्या जोरावर चालायचं. नवं तेलाच्या जोरावर ढकलणार. सगळा जोर या जागेवर येणार, आणि ही जागा आधीच फाटलीय." तिने ब्रश खाली ठेवला. "हत्तीण आता वर जायची नाही."

ती भावाकडे बघायचं टाळत होती. त्याने 'मी म्हणत नव्हतो?' असं म्हटलं असतं, तर तिने पाना फेकून मारला असता. त्याने नुसता तिचा ब्रश उचलून जागेवर ठेवला. ते जास्त लागलं.

आई मात्र बोलली. आवाज चढवला नाही तिने. "म्हणजे आता तूही," एवढंच म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

*

उन्हं उतरली होती. बाबा पेट्यांच्या रांगेत एकेका पेटीला कान लावत फिरत होते. भरल्या घराचा आवाज वेगळा असतो आणि उपाशी घराचा वेगळा. त्यांना झाकण न उघडता कळायचं.

आई येऊन शेजारच्या पालथ्या पेटीवर बसली.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"शिव्या देतायत मला."

"बरोबर आहे त्यांचं."

 बाबा पेटीवर हात ठेवून म्हणाले, "स्टिअरिंग फिरलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तुझ्या अंगठ्याचा आवाज मी ऐकला. आणि मला काही करता आलं नाही. माझ्या या डोळ्यांना ब्रेक कुठला तेसुद्धा अंधुक दिसतं. म्हणून फोन केला त्याला."

"मला सांगायचं होतं."

"ऐकलं असतंस?"

आईने विचार केला. "नाही."

"मग?"

दोघंही हसली. आई उठली आणि तिने डाव्या हाताने एका पेटीची कड उचलून पाहिली. ती इतक्या सहज वर आली, की तिचं हसू थांबलं. दुसरी उचलली. तीही तशीच.

"अहो, यांच्यात काहीच नाहीये."

"तेच तर सांगतोय. फुलोरा उमलायला लागलाय वर. वाऱ्याला वास येतो सकाळी. या बिचाऱ्या त्या दिशेला तोंड करून बसतात, पण तेवढं उडता येत नाही त्यांना."

"मग आता तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी?" बाबा म्हणाले. "मी बाजूच्या सीटचा. तू नेशील तिथे येणारा."

*

सकाळी थोरला एकटाच शेडमध्ये आला. चिरेचा फोटो काढायचा, आईला शांतपणे दाखवायचा आणि विषय संपवायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण फोटोत चीर नीट दिसेना. मग सवयीने त्याचे हात कामाला लागले. रेघ जिथे होती तिथे त्याने रॉकेल चोपडलं, थोडं मुरू दिलं, कोरड्या फडक्याने पुसून काढलं आणि वर खडूची भुकटी फासली. चिरेत मुरलेलं रॉकेल पांढऱ्या भुकटीतून हळूहळू ओलं होऊन वर आलं. पुलावर तो हेच करायचा. चीर कुठे सुरू होते हे सगळ्यांना दिसतं. ती कुठे थांबते, हे शोधावं लागतं.

ही, चासीचं लोखंड खाली जिथे दुमडतं त्याच्या बरीच अलीकडे थांबली होती.

तो गुडघ्यावर बसून त्या ओल्या रेघेकडे बघत राहिला. कडक पाटे प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पोचवणारे. दगड चाकाला एकीकडे ढकलायचा आणि आई दुसरीकडे धरून ठेवायची. तो शाळेत होता तेव्हा, कॉलेजात होता तेव्हा, नोकरीला लागला तेव्हा, प्रत्येक हंगामात. त्या ओढाताणीत मधल्या मध्ये लोखंड फाटलं होतं. आई गाडी चालवते, असंच तो आजवर म्हणत आला होता. खरं तर ती गाडी धरून ठेवत होती.

"बघून झालं?" धाकटी दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"इकडे ये. हे टोक बघ. इथे भोक पाडलं, तर चीर पुढे सरकणार नाही. मग ती घासून उघडायची, भरायची, आतल्या बाजूने जाड पट्टी. आणि नवा डबा एकट्या या बाजूवर लटकवायचा नाही. इथून पलीकडच्या बाजूला एक आडवी दांडी टाकायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून भार घ्यायचा."

धाकटीने भावाकडे असं पाहिलं, जणू तो परक्या भाषेत बोलतोय. "काल तू हिला मोडीत काढायला आला होतास."

"काल मी या चिरेचं टोक बघितलं नव्हतं."

"चीर बघून गाडी ठेवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"खालपर्यंत गेली असती, तर मीच सांगितलं असतं, काढा मोडीत. नाही गेलेली."

ती जवळ येऊन बसली. तिने त्या ओल्या रेघेच्या टोकावर बोट टेकवलं. "दादा, वेल्डिंग मी चांगलं करते," ती शेवटी म्हणाली. "पण गाडीत आई बसणार आहे. माझ्या हातचा जोड सुटला तर?"

"म्हणून तर मी बघणार आणि तू जोडणार. सुटला तर दोघांचा सुटेल."

"वा! काय पण धीर देतोस."

"आणि ऐक. दर हंगामात वर जायच्या आधी मी येऊन ही जागा तपासणार. मी हो म्हटल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडणार नाही."

"म्हणजे दरवर्षी तुझं तोंड बघायचं?"

"फुकट काहीच मिळत नाही," थोरला म्हणाला.

मग कामाला जो रंग चढला तो चढला. भांडणाशिवाय एक बोल्ट बसला नाही. पट्टी किती जाड यावरून वाजलं, दांडी वरून की खालून यावरून वाजलं. भरलेली चीर त्याने दोनदा नापास केली आणि दोन्ही वेळा तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या आपल्याही आहेत हे तिच्या लक्षात नव्हतं. तिसऱ्यांदा खडू कोरडाच राहिला, तेव्हा त्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती म्हणाली, "ग्रीसचा हात लावू नकोस," जसा काही तिचा डगला आरशासारखा स्वच्छ होता.

नवे पाटे चढले. सून बाह्या सरसावून त्यांच्या टोकांच्या रबरी बुशांना ग्रीस लावत होती. "हे बोल्ट आवळू?" तिने विचारलं.

"आत्ता नको, वहिनी. गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहू दे. लोंबकळत असताना आवळले, तर रबराला कायमचा पीळ बसतो."

"माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांचं हेच असतं," सून म्हणाली. दोघी हसल्या आणि मग गाडी खाली उतरवेपर्यंत हसतच राहिल्या. थोरल्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

शेवटी नळ्यांमधली हवा काढायची वेळ आली. पुढचा भाग जॅकवर उचलून ठेवला. कोणीतरी सीटवर बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि धाकटीने टाकीत तेल ओतत राहायचं.

"आई!" थोरल्याने हाक मारली.

आई दारातच होती. किती वेळ होती कोण जाणे. ती सीटवर चढली, इंजिन सुरू केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवण्याआधी क्षणभर थांबली. मग फिरवलं. पंप कण्हला, टाकीत बुडबुडे उसळले, ती फिरवत राहिली. बुडबुडे कमी झाले, कण्हणं थांबलं. चाकं खाली टेकवल्यावर सुनेने काटा आणला, स्टिअरिंगच्या कडेला अडकवला आणि आईच्या हातात दिला. आईने ओढला. काटा जेमतेम सरकला आणि खाली पुढची चाकं निमूट वळली.

आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग म्हणाली, "पेट्या कधी चढवायच्या?"

*

उजाडता उजाडता हत्तीण निघाली. पाठीवर जाळी लावून बंद केलेल्या पेट्या, त्यांच्या मधल्या फटीत थोरला आणि धाकटी. पुढे आई, मध्ये सून, खिडकीशी बाबा. बाबांच्या मांडीवर मोठा दगड होता. वाटेत एक वळण असं होतं, की तिथे आईला गाडी मागेपुढे घेत घेत वळवावी लागायची आणि प्रत्येक वेळी बाबा उडी मारून चाकामागे दगड लावायचे. इतक्या वर्षांत त्यांचा तो एक मान होता.

आईला पहिल्यांदा गाडी परकी वाटली. दगड यायचे, पण हातापर्यंत पोचायचे नाहीत. पाटे खाली दबायचे, सावकाश वर यायचे. आदळणं म्हणून नव्हतंच. स्टिअरिंग इतकं हलकं, की चाकं खरंच वळतायत ना, हे ती खिडकीतून डोकावून बघायची. जुनी हत्तीण प्रत्येक गोष्ट हातांना सांगायची. ही सांगत नव्हती, ऐकत होती. सवय व्हायला वेळ लागेल, असं तिच्या मनात आलं, आणि मग हेही आलं, की आता आपल्याकडे वेळ आहे.

ते वळण आलं. बाबा दगड सावरून दाराची कडी धरून तयार. आईने वेग कमी केला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, फिरवतच राहिली, आणि हत्तीण एका दमात वळून पुढे गेली.

 मागून धाकटीची शिट्टी ऐकू आली.

"आता या दगडाचं काय करू?" बाबांनी विचारलं.

"असू दे. घरात भांडणं झाली की उपयोगी पडेल."

वर पठार जांभळं झालं होतं. पेट्या उतरवल्या, ओळीने मांडल्या. बाबांनी पहिलं झाकण उघडलं आणि पोळी एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. एरवी वर पोचेपर्यंत दोन-चार पोळी तुटून खाली पडलेली असायची आणि ते न बोलता चिकट हातांनी ती गोळा करायचे. त्यांनी दुसरं झाकण उघडलं, तिसरं उघडलं. मग जाळ्या काढायला सुरुवात केली. माश्या आधी दारात घुटमळल्या, मग एकामागून एक उठल्या, पेट्यांभोवती गिरक्या घेऊन नवं घर कुठे आहे ते डोळ्यांत साठवून घेतलं, आणि फुलांकडे गेल्या. बाबा पाठ करून उभे होते. पाठीवरूनही कळत होतं, की ते रडतायत.

थोरला आणि धाकटी गाडीखाली शिरली होती. नवे पाटे पहिल्या फेरीत बसतात, म्हणून यू-बोल्ट पुन्हा आवळायचे होते. चिरेच्या जागी थोरला टॉर्च मारून बघत होता. "अजून थोडा," "झाला की," "झाला नाही," असं चाललं होतं.

"हो म्हणायचं का आता?" आईने वाकून विचारलं.

"हो," गाडीखालून दोघांनी एकदमच सांगितलं.

परतताना गाडी रिकामी होती. आई दारापाशी थांबली आणि सुनेला म्हणाली, "चालवतेस?"

"मी?" सून दचकली. "इथे?"

"पहिल्या वळणापर्यंत वाट रुंद आहे, उतारही नाही. तुझा अंगठा माझ्यापेक्षा बरा आहे."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने दुसरीकडे बघितलं आणि पाठीमागे चढून बसला. ती स्टिअरिंगमागे बसली. बाबा मध्ये सरकले आणि आई, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, हत्तिणीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसली.

गाडी हळूहळू पठाराच्या काठाने निघाली. आईने सुरुवातीला पाय जमिनीवर दाबून धरले, एकदा उगाचच ब्रेकसाठी पाय पुढे केला. सून नीट चालवत होती. मग आईचे हात मांडीवर सैल पडले आणि तिने खिडकीबाहेर पाहिलं.

खाली दरी होती. तळाशी नदीचं वळण, त्यावर धुक्याचा पातळ पट्टा, पलीकडे डोंगरांच्या एकामागे एक उतरत गेलेल्या रांगा, आणि या सगळ्यावर नुकतंच आलेलं ऊन. या वाटेने ती किती वेळा गेली होती, त्याला गणती नव्हती. प्रत्येक वेळी डोळे पुढच्या दगडावर आणि जीव दोन्ही हातांत.

वळण आलं. सुनेने गाडी थांबवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "आई, आता तुम्ही या."

आई जागची हलली नाही. तिने खिडकीच्या कडेवर कोपर टेकवलं होतं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "अजून बघते."